स्टेन लाकडात मुरतो तो कशामुळे?

सिॲटलच्या पूर्वेकडच्या बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश या उपनगरांत आता मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरांच्या मागे एक लाकडी डेक असतो. उन्हाळा लागला की त्या डेकबद्दलचे प्रश्नही सुरू होतात. 'दोनच वर्षांपूर्वी स्टेन दिला होता, आत्ताच पापुद्रे सुटायला लागलेत.' 'स्टेन लावून आठवडा झाला, अजून पाय चिकटतात.' 'डेक नवाकोरा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वर्षभर काही लावू नका, शेजारी म्हणतो उद्याच लावा. कुणाचं ऐकायचं?'

पहिल्या दोन प्रश्नांत संशय हमखास डब्यावर असतो. स्टेन हलका निघाला, पुढच्या वेळी महागातला आणू, असं ठरतं. बहुतेक वेळा डब्याचा काही दोष नसतो. स्टेन लाकडात शिरलाच नाही, वरच बसून राहिला, एवढंच झालेलं असतं. तिसरा प्रश्नही खरं तर तोच आहे: स्टेन शिरायला लाकूड तयार कधी होतं?

१. हे लाकूड कोणतं?

त्या भागात डेकसाठी जे लाकूड वापरतात ते 'वेस्टर्न रेड सीडर', शास्त्रीय नाव थुजा प्लिकाटा. हिमालयातला देवदार हा खरा सीडर. हा त्याचा सख्खा नाही की चुलत नाही, सायप्रसच्या कुळातला आहे. ऑरेगन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया ते थेट अलास्काचा आग्नेय किनारा, एवढ्या ओल्या पट्ट्यात तो वाढतो. ब्रिटिश कोलंबियाने १९८८ साली त्याला आपला अधिकृत वृक्ष ठरवलं. त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी त्याच्या अखंड खोडातून होड्या कोरत आले, घरं आणि टोटेमचे खांब त्याचेच करत आले. सतत पाऊस असलेल्या प्रदेशात त्यांनी हेच लाकूड निवडलं, कारण ते सहजासहजी कुजत नाही. त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिनसारखी बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. सीडर कापताना येणारा उग्र सुगंध हाही अशाच द्रव्यांचा.

पण कुजत नाही म्हणजे बिघडत नाही, असं नाही. या लाकडाचे तीन स्वभाव डेकवाल्याने लक्षात ठेवावेत.

पहिला, ते मऊ आहे. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, सीडर पावणेचारशेच्या आसपास. नखाने जोर दिला तर वळ उमटतो.

दुसरा, त्यातली रंगीत द्रव्यं पाण्यात विरघळतात. नव्या डेकवर पाऊस पडला की खालच्या फरशीवर चहासारखे डाग दिसतात ते याचे. या द्रव्यांत टॅनिन असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करत, ती याच रसायनाने. साध्या लोखंडी खिळ्याभोवती सीडरच्या फळीवर काळं कडं दिसतं ते बुरशीचं नसतं, ती शाई असते. म्हणून सीडरला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतात आणि लाकूड घासायला तारेची लोखंडी घासणी कधीही वापरत नाहीत. तिचे बारीक कण लाकडाच्या रेषांत अडकतात आणि पुढच्या पावसात डेकभर काळे ठिपके उठतात.

तिसरा स्वभाव उन्हाशी संबंधित आहे. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात आणि उन्हातले अतिनील किरण नेमकं तेच फोडतात. मोकळे झालेले तंतू आणि सुटा रंग पावसाने वाहून जातो आणि मागे राखाडी लव उरते. यात लाकडाची झीज किती होते? नरम लाकडांची सरासरी साधारण शंभर वर्षांत सहा मिलिमीटर. राखाडी डेक म्हणजे कुजलेला डेक नव्हे, हे त्यामुळे निर्धास्तपणे सांगता येतं. ज्यांना तो रंग आवडतो त्यांनी हे प्रकरण इथेच मिटवलं तरी चालेल.

२. लाकूड 'पितं' म्हणजे नक्की काय करतं?

गव्हाच्या काडाची पेंढी डोळ्यांसमोर आणा. ती उभी करून कापलेल्या टोकांवर पाणी ओतलं तर आत जातं, आडवी ठेवून बाजूने ओतलं तर बहुतेक सगळं ओघळून जातं. सीडरचं लाकूड अशाच नळ्यांचं बनलेलं आहे. एकेक नळी केसाहून बारीक आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब. दोन्ही टोकांना बंद असलेल्या या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात त्या भिंतींतल्या सूक्ष्म खिडक्यांनी. झाड जिवंत असताना त्या खिडक्यांतून पाणी वर चढतं. लाकूड वाळलं की यांतल्या बऱ्याच खिडक्यांची झाकणं कायमची बसतात.

याचा अर्थ असा की फळीच्या सपाट तोंडावर स्टेन लावला, तर तो फक्त कापताना उघड्या पडलेल्या नळ्यांत आणि त्यांच्या जवळपास शिरतो. ही खोली मिलिमीटरच्या आतबाहेरच असते. 'खोलवर जाणारा स्टेन' असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी सपाट फळीवर कुठलाही स्टेन फार खोल जात नाही. फळीच्या कापलेल्या टोकाला मात्र तोच स्टेन कितीतरी आत जातो, म्हणून टोकं नेहमी अधिक गडद होतात.

सगळा खेळ या वरच्या मिलिमीटरभराचा आहे. त्या नळ्या उघड्या, कोऱ्या आणि कोरड्या असल्या तर स्टेन मुरतो. त्यांत पाणी असेल, जुन्या तेलाचा थर असेल, शेवाळ असेल, तुटलेल्या तंतूंची लव असेल किंवा त्या रंध्याखाली चेपल्या गेल्या असतील, तर तो वर राहतो.

वर राहिलेल्या स्टेनचं काय होतं, तेही पाहू. तेलाच्या स्टेनमध्ये तीन गोष्टी असतात: तेल किंवा राळ, रंगाची पूड आणि ते सगळं पातळ ठेवणारं द्रावण. द्रावण उडून जातं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. नळ्यांत असेल तर तिथेच घट्ट होतं आणि रंगाची पूड धरून ठेवतं. वर जाडसर साचलं असेल तर त्याला वरून साय धरते, आत ओलंच राहतं. पाय चिकटतात ते यामुळे. पुढे कधीतरी ती साय कडक झाली तरी खालचं लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आकसतं. तिला तसं जमत नाही, मग पापुद्रे.

घराच्या सागवानी दाराला व्हार्निश दिलेलं पाहत वाढलेल्या माणसाला 'चकाकी आली म्हणजे काम चांगलं झालं' असं वाटणं साहजिक आहे. दार उभं असतं, छपराखाली असतं. डेक आडवा पडलेला असतो, त्यावर पाणी साचतं, वर माणसं चालतात. डेकवर चकाकी दिसली की समजावं, तिथे स्टेन जास्त झाला.

३. नवा डेक: वर्षभर थांबायचं का?

कॉन्ट्रॅक्टरच्या सल्ल्यामागे 'मिल ग्लेझ' नावाची एक जुनी समजूत आहे. गिरणीत फळी रंधताना पाती तापतात, लाकडातली द्रव्यं वितळून वर काचेसारखा थर धरतो आणि तो ऊनपावसाने गेल्याशिवाय स्टेन शिरत नाही, असं सांगतात. अमेरिकेच्या वनखात्याची विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, १९१० पासूनची. तिथल्या लोकांनी असा थर मुद्दाम तयार करून पाहिला, तो काही जमला नाही. त्यांना दिसलं ते वेगळं. झाडाच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीत दोन पट्टे असतात, वसंतातला फिका आणि मऊ, उन्हाळ्याच्या अखेरीचा गडद आणि घट्ट. रंध्याची पाती बोथट असली की ती घट्ट पट्टा मऊ पट्ट्यात दाबून बसवतात. पुढे ओल लागली की दबलेलं लाकूड पुन्हा वर येतं आणि वरचा रंग उचकटतो.

कारण कुठलंही माना, उपाय एकच: वरचा चेपलेला थर काढून टाकणं. त्यासाठी वर्ष लागत नाही, काचपेपर लागतो. उलट वर्षभर उघडं ठेवलं तर तोवर वरचे तंतू उन्हाने सुटलेले असतात. याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांत सीडर काही आठवडे उन्हात उघडं राहिलं तरी नंतर दिलेल्या पेंटची पकड कमी झालेली आढळली. मुरणाऱ्या स्टेनला याचा फटका पेंटइतका बसत नाही, पण मोकळ्या लवेवर काहीही लावलं तरी ते लवेबरोबरच निघून जाणार.

शेजाऱ्याचं 'उद्याच लावा' हेही तपासल्याशिवाय खरं मानू नका. लाकूड भट्टीत वाळवलेलं असेल तर थोड्याच दिवसांत काम करता येतं. ओलं आलं असेल तर काही आठवडे द्यावेच लागतात. हार्डवेअरच्या दुकानात ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं. ते फळीत टोचून आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली आला की पुढे जावं. एका फळीवर भागवू नका. सावलीतल्या, कुंडीखालच्या आणि घराला लागून असलेल्या फळ्या शेवटी वाळतात.

यंत्राच्या जोडीला पाण्याची चाचणी. चार-पाच ठिकाणी चमचाभर पाणी टाका आणि वाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले, मिनिटभराने बोटाने ढकलले तर घरंगळले, तर नळ्या बंद आहेत. पाणी पसरून खाली गडद डाग धरला, तर उघड्या आहेत. ही चाचणी वरच्या थराबद्दल सांगते, आतल्या ओलीबद्दल नाही. वरून कोरडी दिसणारी फळी पाणी पिते आणि आत ओली असते, असं सर्रास घडतं. म्हणून दोन्ही करायचं.

काचपेपर किती नंबरचा? इथे हौशी माणूस फसतो. टेबलाला जसं १२०, मग १८०, मग २२० करत गुळगुळीत करत नेतात, तसं डेकला करायचं नाही. डेकला ६० ते ८०, बस. त्याहून बारीक घासलं तर पृष्ठभाग दाबून पॉलिश होतो आणि जे उघडायला निघालो तेच बंद होतं. अपवाद फळ्यांच्या टोकांचा. ती मुळात जास्त पितात, त्यांना मुद्दाम १०० किंवा १२० नंबर फिरवला तर रंग फळीशी जुळतो. कठड्याच्या वरच्या फळीवर हात फिरतो, तिथेही १०० चालतो. घासण्याआधी स्क्रूची डोकी लाकडाच्या किंचित खाली घ्या, नाहीतर कागद फाटतोच.

आणि मास्क लावा. सीडरच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं, लाकडाच्या गिरण्यांतल्या कामगारांना त्यापासून दमा झाल्याचं वैद्यकशास्त्रात चांगलं नोंदलेलं आहे. घासून झालं की भुसा व्हॅक्युमने किंवा ब्लोअरने काढायचा, फळ्यांमधल्या फटींतूनसुद्धा.

४. जुना डेक

जुन्या डेकवर नुसता काचपेपर मारला तर शेवाळ आणि जुनं तेल आत रगडलं जातं. आधी धुलाई.

नुसता राखाडी आणि शेवाळलेला डेक असेल तर 'ऑक्सिजन ब्लीच' नावाने मिळणारी पावडर पुरते. ती म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. डेक आणि भोवतीची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवा, मग द्रावण टाका, दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या आणि नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. जुना स्टेन चिवट असेल तर कॉस्टिक सोड्याचं स्ट्रिपर लागतं. ते हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळायची वस्तू नाही.

कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच मात्र नको. शेवाळ जातं, डेक पांढराफटक दिसतो, आपल्याला वाटतं काम झालं. पण ते लिग्निनवर घाला घालतं आणि वर पुन्हा तीच लव उरते, जी काढायला आपण निघालो होतो.

सोडा असलेल्या कुठल्याही धुलाईनंतर सीडर गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळपट होतं. इथे बरेच लोक घाबरतात. अल्कलीमुळे लाकडातली द्रव्यं रंग बदलतात, इतकंच. यावर उतारा आम्लाचा: ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक ॲसिडचं 'ब्राइटनर'. ओल्या लाकडावर ते शिंपडलं की पाहता पाहता फळी उजळते, तांबूस मधाळ रंग परत येतो. खिळ्यांभोवतीची काळी कडी काढायची तर ऑक्झॅलिकच हवं, ते लोखंडाला पकडून धुऊन नेतं. ही पायरी दिसण्यापुरती समजून लोक गाळतात. गाळू नये, कारण लाकडात उरलेला सोडा नव्या तेलाला बाधतो. ऑक्झॅलिक विषारी आहे, मुलं आणि कुत्री तेवढा वेळ घरात. आणि क्लोरीनचं ब्लीच व आम्ल कधीही एकमेकांच्या जवळ आणू नका, विषारी वायू तयार होतो.

प्रेशर वॉशरबद्दल एकच. घरगुती यंत्रं दोन हजार पीएसआयचा जोर सहज देतात. सीडरला पाचशे-सहाशे पुरतात. रुंद फवाऱ्याचं तोंड लावा, फूटभर लांब धरा आणि हात थांबवू नका. जोर जास्त झाला की मऊ पट्टे खणले जातात, घट्ट पट्टे कण्यासारखे वर राहतात आणि फळी हाताला नांगरलेली लागते. ते मग तासन् तास घासूनच निघतं.

५. सुकण्याचे दिवस

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सिॲटलला वर्षभरात हजाराच्या आसपास. पण मुंबईचा पाऊस येतो, कोसळतो आणि संपतो. सिॲटलचा शरदापासून वसंतापर्यंत झिमझिमत राहतो, लाकडाला सुकायला उसंत देत नाही. जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढीच काय ती खात्रीची कोरडी मुदत. धुलाई जुलैत उरकली आणि नंतर दोन-तीन कोरडे दिवस गेले की यंत्राने मोजा. आकडा उतरला नसेल तर आणखी थांबा. शनिवारी धुतलं, रविवारी स्टेन, हा सुट्टीचा हिशेब लाकडाला मान्य नसतो.

धुण्यात तंतू थोडे उभे राहतात, तेव्हा सुकल्यावर ८० नंबरचा हलका हात फिरवायचाच.

६. लावणं

स्टेन कुठला, याचं माझं मत स्पष्ट आहे: चालायच्या फळ्यांवर अर्धपारदर्शक, तेलाचा, मुरणारा. अगदी पारदर्शक स्टेनमध्ये रंगाची पूड जवळजवळ नसते आणि अतिनील किरण अडवते ती पूडच, तेल नव्हे. पूर्ण अपारदर्शक स्टेन ऊन उत्तम अडवतो, पण तो वर थर धरतो आणि पायाखाली पापुद्रे सोडतो. भिंतीला तो ठीक.

किती लागेल? डेक १२ बाय १६ फुटांचा असेल तर १९२ चौरस फूट. घासलेल्या चांगल्या फळीवर गॅलनला दोनशे चौरस फूट धरले तर एक गॅलन. जुन्या, खडबडीत, तहानलेल्या फळीवर सव्वाशे धरा, म्हणजे दीड गॅलन. कठडा आणि पायऱ्या वेगळ्या. दोन डबे आणले तर ते आधी एका बादलीत एकत्र करा, दोन डब्यांच्या रंगात फरक असू शकतो. डबा हलवायचा नाही, तळापर्यंत काठी घालून ढवळायचा. पूड तळाशी बसते, अर्धं काम झाल्यावर ढवळायला सुरुवात केली तर अर्धा डेक फिका आणि अर्धा गडद.

हवा दहा ते बत्तीस अंश सेल्सियसमधली हवी. सकाळचं दव वाळलेलं हवं आणि तळपतं ऊन फळ्यांवर नको. तापलेल्या फळीवर द्रावण झटकन उडतं, तेल आत शिरायच्या आत दाटतं.

दोन किंवा तीन फळ्या घ्यायच्या आणि त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण करायच्या, मध्ये थांबायचं नाही. मध्ये थांबलं की तिथे जोडाचा गडद पट्टा कायमचा दिसतो. रोलर किंवा पॅडने पसरवा, पण मागोमाग ब्रशने रेषेच्या दिशेने आत घासा. फवाऱ्याने नुसतं उडवून सोडलेला स्टेन वरच बसतो. टोकांना दोनदा द्या, पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं.

मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि ओणवं होऊन उजेडाच्या दिशेने बघायचं. मऊ पट्ट्यांनी स्टेन पिऊन टाकलेला असेल, ते मंद दिसतील. गाठी आणि घट्ट पट्टे ओले चमकत असतील. चमकणारं सगळं कापडाने पुसून घ्या. दुसरा हात सगळीकडे लागतोच असं नाही. डब्यावर परवानगी असेल तर पहिला ओला असतानाच, फक्त जिथे लाकूड अजून पितं आहे तिथे द्या. पहिला हात पूर्ण वाळला की दारं बंद झाली, त्यानंतरचा हात थर बनूनच राहतो. पैसे दिलेत म्हणून उरलेला डबा डेकवर संपवू नये.

असा मुरलेला स्टेन आडव्या फळ्यांवर दोन-तीन वर्षं टिकतो, उभ्या कठड्यावर त्याहून जास्त. पुढच्या वेळी पापुद्रे खरवडावे लागत नाहीत, कारण सोलायला थरच नसतो. धुलाई, ब्राइटनर, एक हात, इतकंच.

७. चिंध्या

पुसलेली कापडं बोळे करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं तेव्हा उष्णता सुटते. फळीवर ती हवेत निघून जाते, बोळ्यात कोंडते आणि काही तासांत कापड आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. जवसाचं तेल असलेल्या स्टेनने अमेरिकेत अशी गॅरेजं खरोखर जळालेली आहेत. स्टेन लावलेल्या संध्याकाळी, हात धुण्याच्याही आधी, प्रत्येक चिंधी घराबाहेर सुटी पसरून वाळत घाला किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.